देवमाशाच्या कानातला मळ

आमच्या शेजारचे मेश्रामकाका कुणीही भेटलं की आधी कान पाहतात, मग तोंड. सरकारी दवाखान्यात त्यांनी जन्मभर लोकांचे कान धुतले. निवृत्त झाल्यावर कांचघर मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत, आपल्या ओसरीवर, फुकट धुऊ लागले. फुकट म्हणजे बदल्यात देवमासा ऐकावा लागतो.

समुद्र त्यांनी पाहिलेला नाही. पण कुठल्याशा जुन्या मासिकातून देवमासा त्यांच्या डोक्यात शिरला तो निघालाच नाही. "त्याच्या कानात मळाची लंबी कांडी असते," पिचकारीत कोमट पाणी भरत ते सांगतात. "जन्मभर निघत नाही. झाडाच्या खोडासारखे थर. थर मोजा, वय समजते. कधी भेला, कधी त्रास झाला, सगळं मळात जमा. अन् आपले लोक काडी घालून रेकॉर्ड खराब करून राहिले."

एकदा सिहोऱ्याहून माझी आत्या कान दडला, ऐकू येईना म्हणून आली. काकांनी निघालेला मळ कागदावर घेतला, भिंग लावलं आणि म्हणाले, "हा काळा थर दोन वर्षांआधीचा. तेव्हा काय त्रास झाला होता, ताई?"

आत्यानं बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, "सून आली."

सून बाजूलाच उभी होती. परतीच्या बसमध्ये दोघी वेगवेगळ्या सीटवर बसल्या. गल्लीतल्या बायकांनी त्यानंतर महिनाभर काकांना कान दाखवला नाही.

मागच्या वर्षी काकू गेल्या. काही महिन्यांनी काकांनी नवीनच सुरू केलं. आपण बोललो की ते जबडा पुढे काढत. "डॉल्फिन खालच्या जबड्यानं ऐकते. मी प्रॅक्टिस करून राहिलो." आम्ही हसायचो. माझी मुलगी तर म्हणायची, "काका, आप बिल्कुल डॉल्फिन लगते हो."

मग एका दुपारी त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या थांबेचनात. बेल वाजवली, दार ठोकलं, शेवटी मी मागच्या दारानं आत गेले. डाळ करपली होती आणि काका कुकरशेजारी बसून निवांत पेपर वाचत होते.

गॅस बंद करून मी ओरडून विचारलं, "काका, ऐकू काहून येत नाही?"

"दोन्ही कान दडले. दोन महिने झाले."

"मग धुतले नाहीत?"

"आपले आपल्याले धुता येत नाही. तुझी काकू धुवायची."

मी पिचकारी भरली. काकांनी मान वाकडी केली, कानाखाली वाटी धरली आणि "हळू, थोडं वर" असं मला शिकवत राहिले. उजवा कान मोकळा झाला. बाहेर भाजीवाला ओरडत होता, त्याच्याकडे त्यांनी चक्क मान वळवली. मी डाव्या कानासाठी पाणी घेऊ लागले, तर त्यांनी पिचकारी काढून घेतली.

"डावा उद्या."

"पाच मिनिटांचं तर काम आहे, काका."

"एका दिवशी एकच कान. नियम आहे."

आमच्या घरातल्या सगळ्यांचे दोन्ही कान त्यांनी एकाच बैठकीत धुतले होते. मी वाटी विसळून ठेवली आणि उद्या कितीला येऊ, विचारलं.

"सकाळीच ये," काका म्हणाले.