पंखा न लागणारं गाव

आमच्या घरमालकांचा थर्मामीटर एका जागी राहत नसे. मी बंगलोरला आलो त्या वर्षी तो व्हरांड्याच्या भिंतीवर होता. पुढच्या उन्हाळ्यात तो बटरफ्रूटच्या, म्हणजे अवोकाडोच्या, झाडाखाली गेला, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाकीमागे, जिथं भिंतीला शेवाळ धरायचं आणि बेडूक बसायचे. जागा बदलली की पारा उतरायचा. मग मोघे अण्णा फाटकाशी उभे राहून तो आकडा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. "बघा, गेल्या वर्षी होतं तेवढंच आहे. उगाच लोक बोंब मारतात." थर्मामीटर खोटं सांगत नव्हता, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो. त्याला बसायला जागाच तशी मिळत होती.

ही नव्वदच्या दशकातली, मधल्या वर्षांची गोष्ट. सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मी नागपूरहून आलो होतो. नवीनच लग्न झालेलं, आणि मला व मेधाला बसवनगुडीत अण्णांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं मिळाला होता. अण्णा सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. घराणं तीन पिढ्या बंगलोरातच, त्यामुळे मराठी घरगुती आणि तिच्यात कन्नड शब्द पेरलेले. जागा दाखवताना त्यांनी नळ दाखवला, देवघराचा कोनाडा दाखवला, गॅलरीतून दिसणारी झाडं दाखवली. मी मात्र छताकडे बघत होतो.

"अण्णा, पंख्याचा हूक कुठे आहे?"

"हूक? याके?" म्हणजे कशाला. "हे घर मी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय. स्लॅब टाकताना मेस्त्री विचारत होता, हूक ठेवू का. मी म्हटलं, बेडा, नको. हूक ठेवला की पंखा येतो. पंखा आला की माणसाला उकडायला लागतं."

मी नागपूरचा. आमच्याकडे आधी कूलर घेतात आणि मग घर बघतात. पण पहिल्या वर्षी अण्णांचं म्हणणं मला पटलं. संध्याकाळी स्वेटर घालावा लागायचा आणि मी गावी फोन करून फुशारक्या मारायचो.

दुसऱ्या उन्हाळ्यापासून फुशारक्या थांबल्या. समोरच्या रस्त्यावरची मोठी झाडं रुंदीकरणात गेली. पलीकडचं तळं बुजवून तिथं प्लॉट पडले. मार्चमध्येच भिंती संध्याकाळपर्यंत गरम राहू लागल्या. तरी 'उकडतंय' हा शब्द त्या घरात उच्चारायची सोय नव्हती. 'हवा जरा पडलीय' चालायचं. 'कोंदट आहे' हेही एक वेळ चालायचं. त्याहून जास्त कुणी बोललं तर अण्णा हात वर करून म्हणायचे, "स्वल्प थांबा. संध्याकाळी गार होतंच." पुण्याहून आलेला माझा एक मित्र घामानं निथळत संध्याकाळची वाट बघत बसला, आणि संध्याकाळही तशीच आली. तेव्हा अण्णा त्याला म्हणाले, "तुम्ही पुण्याहून उष्णता घेऊन आलात."

गंमत अशी, की उकाडा नाही म्हणणारा हा माणूस उकाड्याशी जेवढा झगडायचा तेवढं साऱ्या गल्लीत कुणी झगडत नव्हतं. गच्चीवर त्यांनी चुन्याचे जाड हात दिले. कशाला, तर पावसात गळू नये म्हणून. दुपारी गच्चीवर ओली पोती पसरायचे. कबुतरांना आवडतं म्हणून. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधल्या आणि त्यांवर दिवसातून कितीदा तरी पाणी मारायचे, ते म्हणे सुवासासाठी. पश्चिमेच्या भिंतीवर वेल चढवला, तो नुसता हौसेखातर. आज यातल्या एकेका गोष्टीवर लोक भाषणं देतात. अण्णांनी त्या सगळ्या केल्या, फक्त कशासाठी केल्या ते कबूल केलं नाही.

एकदा पेपरात मोठा लेख आला, की सबंध जगाचीच हवा तापत चालली आहे. मला वाटलं, आता अण्णा सापडले. मी पेपर घेऊन खाली गेलो. त्यांनी चष्मा लावून लेख शेवटपर्यंत वाचला, घडी केली आणि परत दिला. "जगाची तापत असेल," ते म्हणाले. "जग मोठं आहे. आपलं बंगलोर त्यात यायलाच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?"

वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या थेट खाली, आम्हाला असं म्हणून भागत नव्हतं. शेवटी मी एक टेबलफॅन पोत्यात गुंडाळून घरात आणला. तो सुरू केला की घर्रर्र आवाज यायचा. पहिल्याच दिवशी जिन्यातून अण्णांची हाक आली. "कसला रे आवाज?"

"मिक्सर आहे, अण्णा," मेधा म्हणाली. "चटणी वाटतेय."

"सरी, सरी," म्हणजे बरं बरं, असं म्हणून अण्णा जिन्यातच थांबले. चटणीसाठी. मेधानं घाईघाईनं नारळ फोडला आणि आम्ही त्यांना वाटीभर चटणी दिली. त्यानंतर त्या उन्हाळ्यात आमच्याकडे फार चटणी झाली.

अक्का, म्हणजे अण्णांची बायको, मूळच्या अकोल्याच्या. गोऱ्या, ठेंगण्या, आणि नवऱ्याच्या कुठल्याही विधानाला मान डोलावणाऱ्या. त्या वर्षी त्यांना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला होता. दुपारी चक्कर यायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मोकळ्या हवेत बसा. अण्णांनी त्यांची खुर्ची एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत हलवायला सुरुवात केली, आणि ताट्यांवर दुप्पट पाणी मारू लागले.

एके दिवशी अक्का गच्चीवरचे सांडगे बघायला म्हणून वर आल्या आणि आमच्या खोलीत टेकल्या. पंख्यासमोर. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मग ते रोजचंच झालं. मेधाला त्यांनी बजावलं होतं, "यांना सांगू नको गं. त्यांना वाईट वाटेल." आणि सांडगे कधीच वाळले होते.

एका शनिवारी मी घरीच होतो. अक्का पंख्यासमोर डोळे मिटून बसल्या होत्या, पदर जरा सैल करून, आणि वाऱ्यानं त्यांच्या कपाळावरचे केस उडत होते. दाराशी पाऊल वाजलं. अण्णा उभे होते, हातात चटणीची रिकामी वाटी. त्यांनी पंखा बघितला, अक्कांकडे बघितलं. मी काहीतरी बोलणार होतो, पण त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आवाज न करता जिना उतरून गेले. अक्कांना कळलंही नाही.

दोन-तीन दिवस अण्णा फाटकाशी दिसले नाहीत. मला वाटलं, आता जागा सोडायला सांगतात. एका संध्याकाळी ते वर आले, खुर्ची ओढून बसले.

"तुझ्या पंख्याला आवाज फार आहे," ते म्हणाले. "छताला लावायचा, कमी आवाजाचा, मिळतो का?"

"अण्णा, छताला हूक नाही."

"भोक पाडता येतं. मी इंजिनिअर आहे." "तुला सांगतो. मुलगी बघायला अकोल्याला गेलो होतो, मे महिन्यात. अशी झळ, की पोहे गिळवेनात. ही बशा घेऊन आली आणि भोवळ येऊन दाराला धरून उभी राहिली. तिची आई म्हणाली, दर उन्हाळ्यात असंच होतं हिला. आता माझी उंची तू बघतोस. रंगही बघतोस. पगार तेव्हा सांगण्यासारखा नव्हता. आणि हिनं आधीची दोन स्थळं नाकारलेली, माझ्याहून उजवी. उठताना मला काही सुचेना. मी म्हटलं, आमच्या गावात पंखा लागत नाही. तेव्हा तिनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे बघितलं."

अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला.

"माझ्याजवळ दाखवायला दुसरं काय होतं रे? हवाच होती. तीसुद्धा माझी नव्हती, गावाची होती. आता तिनं चोरून तुझ्याकडे येऊन बसायचं, आणि मी खाली ताट्या भिजवत राहायचं?"

इतके दिवस मी या माणसाला हसत आलो होतो. त्या संध्याकाळी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. "आणू की," मी म्हणालो.

अक्का भाचीच्या लग्नाला हुबळीला गेल्या, तेव्हा आम्ही दुकान गाठलं. दुकानदार अण्णांना लहानपणापासून ओळखणारा. "एनु अण्णा, नीवु पंखा?" तो डोळे विस्फारून म्हणाला. म्हणजे, काय अण्णा, तुम्ही आणि पंखा? अण्णा म्हणाले, "भाडेकरूसाठी." मी निमूटपणे भाडेकरू झालो.

स्लॅब अण्णांनी एवढा पक्का घालून घेतला होता, की भोक पाडणारा माणूस घामाघूम झाला. छताची खपली खाली पडली की अण्णा तोंड फिरवायचे. संध्याकाळी खाली अण्णांच्या बैठकीच्या खोलीत पंखा लागला. त्यांनी तो काही लावून बघितला नाही. "ती आल्यावर," म्हणाले.

अक्का परतल्या तेव्हा त्यांची बॅग घेऊन मी आणि मेधा मागोमाग दारापर्यंत गेलो. अण्णा बटणाशी उभे होते, इस्त्रीचा सदरा घालून. अक्कांनी चपला काढल्या, वर बघितलं आणि तशाच उभ्या राहिल्या.

"तुमच्या घरी बसून मी तुला एक सांगितलं होतं," अण्णा म्हणाले. "ते आता खरं राहिलं नाही."

अक्का सावकाश येऊन पंख्याखालच्या खुर्चीत बसल्या. पदरानं मान पुसली.

"तीस वर्षं खरं होतं की," त्या म्हणाल्या. "कुणाच्या नवऱ्याचा शब्द एवढा टिकतो हो? लावा बघू. आणि तुम्हीही इकडे येऊन बसा."

अण्णांनी बटण दाबलं आणि आपली खुर्ची अक्कांच्या खुर्चीला लावून बसले. वाऱ्यानं त्यांच्या डोक्यावरचे उरलेसुरले केस उभे राहिले. अक्का हात लांब करून ते बसवू लागल्या. ते पुन्हा उभे राहत होते आणि त्या पुन्हा बसवत होत्या. आम्ही दोघं दारातच होतो, पण त्यांना आमची आठवण राहिली नव्हती. आम्ही बॅग हळूच खाली ठेवली आणि वर निघून आलो.