भावोजींची भागीदार संस्था

समाजसेवेला मोठं मन लागतं आणि सामाजिक उद्योजकतेला कमावती बायको लागते. (याबाबत अभ्यासकांत दुमत आहे, पण ते अभ्यासक अविवाहित आहेत.)

आमच्या भावोजींकडे दोन्ही होतं. पंपांच्या कारखान्यातली नोकरी सोडून त्यांनी चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान काढलं. मोडक्या खुर्च्या गोळा करायच्या, बेअरिंग आणि टायर बदलायचे, आणि ज्यांना नवी परवडत नाही त्यांना फुकट द्यायच्या. पहिल्या वर्षी एकतीस माणसं घराबाहेर पडली. एक आजोबा सकाळी जे बाहेर पडले ते दिवे लागेपर्यंत परतलेच नाहीत. सुनेने भावोजींकडे रीतसर तक्रार केली.

काम इतकं सरळ असल्यामुळे त्याला निधी मिळणं अवघड होतं. पहिल्या देणगीदार संस्थेने कळवलं की दुरुस्तीत नावीन्य नाही. दुसरीने विचारलं, तीन वर्षांत एक लाख खुर्च्या होतील का? भावोजी म्हणाले, "आमच्या भागात एवढ्यांचं चालणं थांबलेलं नाही." अर्ज बाद झाला. तिसरीने निधी कसा मिळवावा याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण दिलं. त्याची फी भावोजींनी भरली. (या क्षेत्रात नियमित उत्पन्न असलेली तेवढी एकच संस्था आमच्या पाहण्यात आहे.)

दरम्यान दुकानाचं भाडं, टायर आणि भावोजींची दोन वेळची जेवणं ताईच्या दातांच्या दवाखान्यातून निघत होती. अर्जात ‘उत्पन्नाचे स्रोत’ हा रकाना आला तेव्हा भावोजींचं पेन अडलं.

"बायको लिहू नका," अर्ज भरून देणारा सल्लागार म्हणाला. "‘आरोग्य क्षेत्रातील भागीदार संस्था’ लिहा."

तसं लिहिलं, आणि स्वावलंबी उपक्रमाचा पुरस्कार मिळाला. काचेचं मानचिन्ह होतं, टाळ्या होत्या. रोख रक्कम नव्हती, कारण स्वावलंबी माणसाला पैसे देणं म्हणजे त्याचा अपमानच.

समारंभात परीक्षकांनी ताईला विचारलं, "भागीदार म्हणून आपली काय अपेक्षा आहे?"

"दुकानाचा मालक भाडं मागायला घरी आला की यांनी स्वतः दार उघडावं," ताई म्हणाली. सभागृह हसलं. ताई हसली नाही.

पुढच्याच महिन्यात तिचं उजवं मनगट गेलं. सहा महिने अवजार धरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. स्वयंपाकघरात भावोजी तिच्या हाताला पट्टी बांधत होते.

"दुकान बंद करतो," ते म्हणाले.

"त्या शिवणवाल्या बाईंची खुर्ची उघडून ठेवलीय ना? ती आधी जोडा."

भावोजी बराच वेळ पट्टीचं टोक शोधत बसले. मग म्हणाले, "इतके अर्ज भरले, पण तुझं मनगट मी कशातच धरलं नाही."

"आता नीट धरा. दुखतंय," ताई म्हणाली.

सोमवारी ते कारखान्यात परत गेले. पाच दिवस पंप, दोन दिवस खुर्च्या. एकतीसच्या जागी वर्षाला अकरा. नव्या अर्जात त्यांनी ‘उद्योगक्षेत्राचा भरीव सहभाग’ असं लिहिलं, आणि यावेळी सल्लागाराला विचारावं लागलं नाही.

भावोजींच्या संस्थेच्या अहवालात शेवटच्या पानावर ‘अप्रत्यक्ष पाठीराखे’ असा एक आकडा असतो. ही हकिगत वाचून ज्यांना हळहळ वाटते त्या सगळ्यांना त्यात मोजतात. तुम्हालाही मोजलं आहे. नाव कळवायची गरज नाही आणि काही द्यायचंही नाही. यातली दुसरी अट तुम्ही आजवर काटेकोरपणे पाळलीत, त्याबद्दल संस्था आपली ऋणी आहे.