ओंडका काढण्यात आला आहे

एका जंगलात, बाळांनो, एक ओंडका होता. जंगलात ओंडके असायचेच, पण हा ओढ्यावर आडवा पडलेला होता. अर्जुनाचं जुनं झाड. ते कधी पडलं हे कुणालाच आठवत नव्हतं. अलीकडची जनावरं त्यावरून पलीकडे मोहाची फुलं खायला जात. पलीकडची अलीकडे बोरं खायला येत. दोन्ही काठांत सोयरिकी झाल्या होत्या. खाली ओढा खोल होता, पण त्याच्याकडे बघायची कुणावर वेळच येत नसे.

या जंगलाचा प्रमुख होता दाजीसाहेब गवा. मोठा देह, मोठी शिंगं आणि कटकटीचा त्याहून मोठा कंटाळा. त्याच्या सभेत रंगराव नावाचा एक तरस होता. तो रोज सकाळी एकच विषय काढायचा.

"पलीकडचे येतात आणि आपली बोरं खातात. ओंडका काढा. मग बघा, प्रत्येकाच्या दारात बोरांचा ढीग!"

"आणि मोहाची फुलं?" कुणीतरी विचारायचं.

"ती येतीलच की! आपल्यासारखे खाणारे त्यांना कुठे मिळणार?"

फुलं ओंडक्याशिवाय कशी येतील, हे विचारणं तेव्हा देशद्रोहाचं, आपलं, जंगलद्रोहाचं मानलं जाई.

दाजीसाहेब वैतागला. "एकदाचं जनतेलाच विचारून टाकू," तो म्हणाला. "जनता नाही म्हणेल आणि हा गप्प बसेल."

म्हणून कौल घेतला. ओंडका हवा असेल त्याने पांढरा खडा टाकायचा, नको असेल त्याने काळा. कासवाने तीन दिवस खडे मोजले. काळे खडे अकराने जास्त निघाले.

"जनतेचा कौल मला शिरसावंद्य आहे," दाजीसाहेब म्हणाला आणि त्याच दमात राजीनामा देऊन डोंगरापलीकडे चरायला निघून गेला.

सगळ्यांनी रंगरावाकडे पाहिलं. रंगरावाची मान तेवढ्यात अवघडली. "माझी फार इच्छा होती हो," तो मान तिरकी करून म्हणाला, "पण हे बघा ना!"

त्या वेळी सुभद्राबाई साळिंदर झाडामागे कंदमुळं उकरायला गेल्या होत्या. परत आल्या तर प्रमुख म्हणून त्यांची एकमताने निवड झालेली.

"मीच का?" त्यांनी विचारलं.

"तुमचे दात चांगले आहेत," सभेने सांगितलं.

आता खरी गोष्ट अशी की, सुभद्राबाईंनी पांढरा खडा टाकला होता. त्यांची लेक वेणू पलीकडे दिलेली, आणि तिचे दिवस भरत आले होते. पण बाई सरळ होत्या. राजकारणात हा दोष उशिरा लक्षात येतो. "काढायचा ठरलाय ना? मग काढायचा," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ओंडक्याच्या मधोमध बसून कुरतडायला लागल्या.

थोड्याच वेळात एक भेकर आलं. कौलाच्या वेळी काळा खडा उंच धरून नाचलं होतं, तेच.

"बाई, जरा बाजूला व्हा. फुलं खाऊन येतो."

"अहो, तुम्हीच ना ओंडका नको म्हणालात?"

"नकोच आहे! पण आज आहे तोवर जाऊन येतो. मी आलो की तोडा."

मग रानडुकरांचं आख्खं कुटुंब आलं. मग मुंगूस आलं. सगळे काळ्या खड्याचे आणि सगळ्यांची फेरी शेवटची. पांढऱ्या खड्याचे तर ओंडक्यावर बसूनच राहिले. त्यांनी तिथे भजनं लावली. बाईंना दिवसभरात बोटभर लाकूड कुरतडता आलं.

त्यांनी पलीकडे जाऊन अण्णा अस्वलाशी बोलणी केली. तो तिकडचा प्रमुख. म्हातारा आणि शांत. "ओंडका तुमचा तुम्ही काढा," तो म्हणाला. "फुलं हवी असली तर ओढ्यात उतरून, पोहून या. रांगेत उभे राहा. आम्ही नाही म्हणणार नाही."

बाईंनी हा करार सभेपुढे ठेवला.

"पोहून? आम्ही स्वाभिमानी जनावरं आहोत!" काळे ओरडले.

"ओंडका असताना पोहायचं कशाला?" पांढरे ओरडले.

करार फेटाळला गेला. बाईंनी तोच पुन्हा मांडला. पुन्हा फेटाळला गेला. तिसऱ्यांदा मांडला तेव्हा दोन्ही बाजूंनी प्रथमच एकत्र मतदान केलं, विरोधात. ओंडका अर्धा काढावा, अशीही सूचना आली. कुठला अर्धा, यावर सात दिवस चर्चा झाली.

बाईंचे दात झिजले. काटे गळायला लागले. पलीकडे वेणूला दोन पिल्लं झाल्याचा निरोप आला, पण प्रमुखाने घरच्या कामासाठी ओंडका ओलांडणं बरं दिसेना, म्हणून त्या बघायलाही गेल्या नाहीत. आणि एव्हाना ओंडका मधोमध पुरता निम्मा कुरतडला गेला होता. पाय ठेवला की कुरकुरायचा.

शेवटी एका सभेत बाईंचा तोल गेला.

"तुमचं एकच म्हणणं आहे," त्या कडाडल्या. "ओंडका काढायचाही आहे आणि त्यावरून जायचंही आहे!"

मग टाळ्यांचा कडकडाट झाला.

"इतक्या दिवसांत कुणी इतकं स्पष्ट मांडलं नव्हतं!" भेकर गहिवरून म्हणालं. आणि तसाच ठराव मंजूर झाला: ओंडका काढण्यात यावा व त्यावरील ये-जा सुरू ठेवावी.

बाईंनी त्याच क्षणी राजीनामा दिला. तशाच उठल्या, जपून पाय टाकत ओंडका ओलांडला आणि लेकीच्या बिळात शिरल्या. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी त्या गाढ झोपल्या.

रंगरावाची मान त्याच संध्याकाळी सुटली. प्रमुख झाल्यावर त्याने पहिली घोषणा केली. "आजपासून ओंडका नाही. ओढ्यावर जे आहे त्याला 'आडवं झाड' म्हणावं." जंगलभर आनंदीआनंद झाला. रोज झुंडीच्या झुंडी आडव्या झाडावरून जाऊ लागल्या. ते कुरकुरत होतं, पण तक्रार करायला बंदी होती. ओंडका कुरकुरतो म्हणणं म्हणजे ओंडका आहे म्हणणं.

सुभद्राबाई पलीकडून ओरडून सांगत, "अहो, मी तो कुरतडलाय! एकेकट्याने या!"

"हरलेली बाई आहे," जनावरं म्हणत आणि घोळक्याने येत.

एका दुपारी भेकर, डुकरं, मुंगूस आणि भजनवाले असे सगळे एकदम मधोमध आले, आणि कडाड आवाज झाला. सगळे धपाधप ओढ्यात पडले. बाई धावल्या, पण त्यांना धरायला कुणी तयार होईना, काटे टोचतात. अण्णा अस्वलाने पाण्यात उतरून एकेकाला काठावर ओढलं.

भेकर खोकत उठलं. "बाई, तेव्हाच पुरता तोडला असतात तर ही वेळ आली नसती!"

"तोडायलाच नको होता!" भजनवाला पाणी झटकत म्हणाला. आणि दोघे तिथेच, ओलेचिंब, भांडायला लागले.

अलीकडच्या काठावरून रंगरावाचा आवाज आला. "जंगलवासीयांनो, ओंडका काढण्याचं काम आम्ही मुदतीत पूर्ण केलं आहे!" तिकडे जयजयकार झाला. इकडे काठावर थरथरणाऱ्यांपैकी काहींनीही केला.

अण्णा अस्वलाने डोकं खाजवलं. "सुभद्राबाई, ही एवढी जनावरं आता इथेच अडकली. यांना ठेवून घ्यायचं की परत धाडायचं? मी म्हणतो, आमच्या लोकांचा एकदा कौल घ्यावा."

सुभद्राबाईंच्या अंगावरचे उरलेसुरले सगळे काटे एकदम उभे राहिले.

तात्पर्य : बाळांनो, जनतेचा कौल कधीही मनापासून अमलात आणायला जाऊ नये, दात झिजतात. त्यापेक्षा गोष्टीचं नाव बदलावं. काम मुदतीत होतं, आणि पडणारे आपापसांत भांडत राहतात.