फुकटचे दोन राखणदार

मोखाड्याजवळच्या एका शाळेत कॉम्प्युटरची जबाबदारी सुदेश भोये सरांकडे होती, कारण एकदा प्रिंटरमध्ये अडकलेला कागद त्यांनी न फाडता बाहेर काढला होता. तेव्हापासून शाळेत बटण असलेली कुठलीही वस्तू बिघडली की ती सरांकडेच यायची.

पण त्या कॉम्प्युटरमध्ये सरांचा जीव अडकला होता. मुलांनी पाड्यावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून आणलेले शब्द ते कित्येक वर्षं टाइप करत होते. पाखरांची नावं, रानभाज्यांची नावं, रुसण्याचे प्रकार. घरी बोलले जाणारे आणि शाळेच्या पुस्तकात कधीच न भेटणारे हे शब्द. त्यांचा शब्दकोश निघणार होता, नाशिकचा छापखानाही ठरला होता. या कामात त्यांच्या जोडीला प्रतिक्षा वारघडे मॅडम होत्या. सर पोशेऱ्याचे, डोंगरावरचे. मॅडम दाभोशाच्या, नदीकाठच्या. त्यामुळे रोज कुठल्या ना कुठल्या शब्दावरून जुंपायची.

"चिंबोरी म्हणजे खेकडा. संपला विषय," सर म्हणायचे.

"नाय सर. शेतात असतो तो मुठा. नदीतली ती चिंबोरी. तुमच्या डोंगरावर पाणी टिकत नाय, तुम्हाला काय ठाऊक?"

उन्हाळ्यात एकदा विजेचा दाब वरखाली झाला आणि 'म'ची सगळी पानं गेली. मुलांना पुन्हा घरोघर धाडावं लागलं. एक आजी तर म्हणाली, "मागल्या टायमाला सांगितलं ते सगळं खाऊन टाकलं काय रे तुझ्या मास्तरनं?" ते ऐकून सरांनी इंटरनेटवरून दोन सॉफ्टवेअर उतरवून घेतली. दोन्ही फुकट. पहिलं बॅकअपचं. शब्दकोशाच्या फोल्डरमध्ये काहीही बदललं की ते त्याची लगेच नवी प्रत काढून दुसरीकडे ठेवायचं. दुसरं पहारेकऱ्याचं. कॉम्प्युटरमध्ये कुठेही काही हललं की 'टिंग' करायचं आणि त्याची नोंद लिहून ठेवायचं. नोंद कुठे ठेवू, असं त्यानं विचारलं तेव्हा सरांनी शब्दकोशाचंच फोल्डर दाखवलं. सगळं एका जागी असलेलं बरं.

मग त्यांनी एक शब्द टाइप केला, सेव्ह केला आणि सातवीच्या वर्गावर गेले. तास संपवून येतात तो खोलीतून टिंग, टिंग, टिंग. आणि दारातून प्रतिक्षा मॅडम बाहेर पडताहेत, हातात चाचणीच्या प्रश्नपत्रिका.

सरांनी स्क्रीन पाहिली. शब्दकोशात बदल. शब्दकोशात बदल. शब्दकोशात बदल. ओळी इंग्रजीत होत्या, आणि सुरुवातीला फोल्डरचं नाव 'शब्दकोश' दिसलं की पुढचं वाचायचा धीर त्यांना राहत नसे. 'खेकड्यांचा सूड उगवला वाटतं,' ते मनात म्हणाले.

त्यांनी पासवर्ड बदलला. टिंग. पासवर्ड बदलणं हासुद्धा बदलच, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी खोलीला कुलूप लावलं. मॅडमना उरलेल्या प्रश्नपत्रिका छापता येईनात, त्यांनी मुकाट्यानं प्रश्न फळ्यावर लिहून दिले. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी, हेडसरांसमोर, सरांच्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, शब्द पटत नाय तर तोंडावर सांगा. मागून जाऊन बदलू नका."

मॅडमनी कप खाली ठेवला. "मी हात पन नाय लावला तुमच्या शब्दांना," एवढं म्हणून त्या उठून गेल्या. चहा तसाच राहिला. हेडसर बशीकडे पाहत बसले. सरांना तो चहा दिवसभर टोचत राहिला, पण आतून टिंग वाजली की राग पुन्हा वर यायचा.

शेवटी त्यांनी शिपाई मंगळूमामांना खोलीत राखणीला बसवलं. थोड्या वेळानं मामा घाम पुसत बाहेर आले.

"सर, आत मी सोडून कोणच नाय. पन तो वाजतोच हाय. माझ्याकडंच बघून वाजतो. मला दुसरं काम द्या."

सर धावले. शब्दकोश उघडला, नवा शब्द घातला, तो सेव्हच होईना. डिस्क भरली होती. हेडसरांची वर पाठवायची माहिती अडकली, प्रिंटर रुसला, आणि सर खुर्चीत मटकन बसले. 'म'नंतर आता सगळीच अक्षरं जाणार, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले.

दारात मॅडम उभ्या होत्या. छपाईचं विचारायला आल्या होत्या. सरांचा चेहरा पाहून शेजारी स्टूल ओढून बसल्या आणि स्क्रीनवरच्या ओळी वाचू लागल्या.

"पूर्ण ओळ वाचलीत का कधी?"

"नाय."

"वाचा मग."

सरांनी वाचलं. बदल झाला होता तो पहारेकऱ्याच्या नोंदीत. नोंद बदलली म्हणून बॅकअपनं तिची प्रत काढली. नवी प्रत आली म्हणून पहारेकऱ्यानं टिंग केलं आणि तीही नोंदवली. नोंद बदलली म्हणून बॅकअपनं पुन्हा प्रत काढली. दोघे राखणदार दोन दिवस एकमेकांवरच पाळत ठेवून होते, आणि त्या नादात सगळी डिस्क भरली होती. शब्दकोश मात्र सुखरूप होता.

सरांनी दोघांनाही काढून टाकलं, प्रती पुसल्या आणि शब्दकोश एका पेनड्राइव्हवर घेऊन खिशात घातला. खोली एकदम शांत झाली. मग ते मॅडमना घेऊन तडक स्टाफरूममध्ये गेले आणि हेडसरांच्या देखत म्हणाले, "मॅडम, चुकलो. सगळ्यांसमोर बोललो, म्हणून माफीपन सगळ्यांसमोर मागतो."

"जाऊ द्या सर," मॅडम म्हणाल्या. नंतर व्हरांड्यात त्यांना गाठून हळूच म्हणाल्या, "एक सांगू? एक शब्द मी खरंच बदलला होता."

सर थबकले. "पन तुम्ही तर म्हणालात..."

"रागात काहीपन बोलते मी. मागल्या दिवाळीच्या आधी बदललेला, तुमचे राखणदार यायच्या आधी."

"कुठला?"

"शोधा."

शनिवार-रविवार सरांनी शब्दकोश पहिल्या पानापासून वाचून काढला. इतक्या वर्षांत तो सलग वाचायची वेळच आली नव्हती. वाचताना कधी हसले, कधी पेन्सिलीनं खुणा केल्या. सोमवारी मॅडम दिसताच त्यांनी विजयी मुद्रेनं कागद पुढे केला.

"सापडले! सात शब्द चुकीचे आहेत. सातही दुरुस्त केले."

मॅडमनी कागदावरून नजर फिरवली. ओठ दाबून धरले, पण हसू काही आवरेना.

"पन सर, मी तर एकच बदललेला. आणि तो यात नाय."