शिळाराणीच्या मालिकेचे उद्यापन मांडिले त्याची हकीकत

श्रीगजाननास दंडवत, ज्याचे कृपेने आरंभिले कार्य शेवटास जाते. आणि जेथे ती कृपा नाही तेथे माणसांचे हाल कैसे होतात, तेच येथे लिहिणे आहे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरी, कार्तिक मासी, एके मुलुखी, तिसऱ्या मजल्याचे गडावर कुमुदबाईसाहेब राज्य करीत होत्या. यजमान राजश्री दिनकरराव पेन्शनीत निघालेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात. थोरल्या जाऊबाई अक्कासाहेब, त्यांचे यजमान कैलासवासी जाहल्यापासून गडावरच मुक्कामास होत्या. पूर्वी वाटणीचे पायी उभय जावांमध्ये विस्तव जात नव्हता. एकीने हळद मागितली तर दुसरीने डबाच लपवावा, ऐसा प्रकार. मग दूरचित्रवाणीवर 'चंद्रगडची शिळाराणी' नामे मालिका सुरू जाहली, आणि दोघी एका कोचावर दोन टोकांस बसल्या, आणि राणीचे सवतीस शिव्या देता देता मधोमध सरकल्या, आणि त्या दिवसापासून गडावर सुख नांदू लागले.

मालिकेची कथा ऐसी जे, मायावी सवतीने राणीस शिळा करून ठेविले, आणि उःशाप इतुकाच की पुत्राचा खरा अश्रू शिळेवर पडावा. आता अश्रू पडण्यास कितीसा वेळ लागावा? पण छे! पुत्र रडावयास लागला की भूकंप व्हावा, भूकंप सरला की पुत्राची स्मृती जावी, स्मृती आली तो पुत्राचे काम करणारा नटच सोडून जावा आणि नव्या मुखाचा गडी त्या जागी उभा राहावा. एकदा अश्रू हनुवटीस आला तो अख्खा गणेशोत्सव तेथेच लोंबत राहिला, आणि मध्ये जाहिरातींची टोळधाड. मेल्यांनी लोकांचे संयमाचे अगदी भरीत केले! तरी उभयतां वर्षानुवर्षे व्रतासारख्या नेमाने बसत, भांड्यांस हात लावीत नसत, आणि दिनकररावांस चहा मिळत नसे.

ऐसे चालले असता अक्कासाहेबांचे चिरंजीव श्रीधरपंत सातासमुद्रापलीकडून येऊन दाखल जाहले आणि बोलिले, "आई, आता माझ्याकडेच चल कायमची. देवदिवाळी झाली की निघू." अक्कासाहेब मान हलवून म्हणाल्या, "येते रे बाबा. त्या बाईचं दगडपण सुटलेलं तेवढं बघायचं होतं." हे ऐकताच कुमुदबाईंनी पदर खोचला आणि प्रतिज्ञा केली, "अक्का, शेवट बघूनच विमानात बसाल. नाही दाखवला तर कुमुद नाव लावणार नाही!"

मग कुमुदबाईंनी मोहीम उघडिली. वाहिनीचे दरबारी फोन लाविला. तेथे प्रथम सनई ऐकवीत बसविले, आणि बहुत वेळाने एक मुलगी गोड बोलिली, "मॅडम, कथानकात अजून खूप वळणं यायची आहेत." बाई गर्जल्या, "वळणं आहेत का घाट आहे गं? इथे गाडी लागायची वेळ आली!" मुलीने हसून फोन ठेविला. दिनकरराव म्हणाले, "अहो, सोडा ना, मालिकाच आहे ती." यावर बाईंनी ऐसे पाहिले की राव वर्तमानपत्राआड गेले ते जेवणासच बाहेर आले. इतुक्यात मालिकेचा महासप्ताह जाहीर जाहला, आणि दोघी देवापुढे दिवा लावून बसल्या, आणि अखेर तो अश्रू सुटला, शिळेवर पडला, आणि कोणी ऋषी येऊन वदला, "वत्सा, ही शिळा खरी नव्हे!" कुमुदबाईंनी रिमोट ऐसा आपटिला की त्यातील सेल कपाटाखाली गेले.

अक्कासाहेब हळूच म्हणाल्या, "जाऊ दे गं. राहिलं तर राहिलं."

"राहिलं कसं? व्रत घेतलं तर उद्यापन नको? ते लोक करत नाहीत ना, मग आपण करू. शेवट मी सांगते, बघू कोण अडवतो!"

आणि खरोखरच देवदिवाळीस चौरंग मांडिला, त्यावर सुपारीची राणी बसविली, पुरण शिजले, जिन्यातल्या बायका जमल्या. अक्कासाहेबांस पाटावर बसविले, तो शेजारच्या लीलाबाई कुजबुजल्या, "उद्यापनाला पाटावर सवाष्ण हवी हो." कुमुदबाई बोलिल्या, "नेम जिने केला, पाट तिचा. तुम्ही पुरणपोळी घ्या, तूप वाढू?" लीलाबाईंनी पोळी घेतली.

मग कुमुदबाई हाती अक्षता घेऊन कहाणी सांगू लागल्या: पुत्र आला, खरा अश्रू पडला, शिळेस घाम फुटला, राणीने डोळे उघडिले, सवतीचे तोंड काळे जाहले. बायकांनी टाळ्या वाजविल्या. अक्कासाहेबांनी पुसिले, "मग पुढे? ती राहिली कुठे?"

कुमुदबाईंनी याचा विचार केला नव्हता. "राहिली... आपल्या गडावर."

"नाही गं कुमुद. लेकानं एवढा जीव टाकून सोडवली, ती लेकाबरोबरच गेली असेल."

तेव्हां कुमुदबाईंनी अक्षतांची मूठ घट्ट मिटली. इतुके दिवस रण माजविले ते ज्या शेवटासाठी, तो शेवट हा, हे आता कोठे ध्यानी आले. डोळे भरले आणि बाई सर्वांदेखत बोलिल्या, "मला नको हा शेवट. तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी?" अक्कासाहेब म्हणाल्या, "वेडे, शेवट तूच मागितलास ना?" आणि त्याही रडू लागल्या, आणि श्रीधरपंत दाराशी चोरासारखे उभे राहिले.

परंतु कुमुदबाई हार खाणाऱ्या नव्हेत. नाक पुसले. विसर्जनाच्या अक्षता सुपारीवर टाकावयाच्या, त्या चौरंगावरून हात वळवून अक्कासाहेबांचे मस्तकी टाकिल्या आणि खणखणीत बोलिल्या, "पुनरागमनाय च! श्रीधर, ऐकलंस? पाडव्याला आणून सोडायची. नाही आणलीस तर मी येईन तिकडे, आणि मला इंग्रजी येत नाही, सगळ्यांशी मराठीत भांडेन." श्रीधरपंतांनी कबूल केले. सुपारी होती तेथेच राहिली.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. मालिका अद्याप संपली नाही. कुमुदबाई कोचाचे एका बाजूस बसून रोज पाहतात, आणि रोज अक्कासाहेबांस फोनवर सांगतात, आणि राणी अजून दगडच आहे म्हणून आता देवाचे आभार मानतात.