पूर्वेला जायला जोड हवी

घाटशिळेच्या शिवेबाहेर कोणाला पूर्वेला जायचं असेल, तर त्याच वेळी दुसऱ्या कोणालातरी पश्चिमेला जावं लागतं. नाहीतर पाऊल उठत नाही. वजन गुणिले वेग दोन्हीकडे सारखं भरलं पाहिजे. याला संवेग म्हणतात, आणि त्याचं कार्यालय बाजारपेठेत, बंद पडलेल्या रॉकेलच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर आहे. गावातल्या गावात हिंडाफिरायला अडचण नसते, कारण गावात कोणी ना कोणी उलटं चालतच असतं. घोडं अडतं ते शिवेवर.

कारखाना, कोर्ट, कॉलेज सगळं पूर्वेला. पूर्वेकडून इकडे यावं असं घाटशिळेत काय आहे? तर नदीवरचा स्मशानघाट. त्यामुळे तिकडच्या मोहरवाडीत कोणी फार आजारी पडलं, की घाटशिळेत दोन-तीन घरांत पिशव्या भरायला घेतात. कोणी कुणाचं वाईट चिंतत नाही हो, पण पिशवी भरलेली बरी.

पिठाची गिरणी चालवणाऱ्या मथुरा खरबेला मात्र मोहरवाडीला जायचं होतं ते तिथल्याच एका आजारी बाईसाठी. ती बाई तिची आई, गजराबाई. मथुराच्या धाकट्या भावाने, केरबाने, सोमवारी फोन केला. "आक्का, आई अन्न घेईना. सारखी दाराकडं बघती. तुझ्यात जीव घुटमळतोय तिचा."

मथुराने गिरणीचा पट्टा उतरवला आणि तशीच, अंगावरच्या पिठासकट, कार्यालयाचा जिना चढली.

"वजन?" मुळीक कारकुनाने विचारलं.

"बासष्ट. पण साहेब, माझी आई तिकडं शेवटच्या घटका मोजतीया."

"दिशा?"

"पूर्व."

मुळीक वाईट माणूस नव्हता. त्याने रजिस्टरची पानं थुंकी लावून लावून उलटली आणि मान हलवली. पश्चिमेला जाणारं आठवडाभर कोणी नव्हतं. मग त्याने कोरा कागद ओढला, त्यावर दोन बाण काढले आणि त्याचा चेहरा जरा उजळला.

"हे बघा. एक कासार आहे, चव्वेचाळीस किलो, गुरुवारी वायव्येला चाललाय. आणि एक मास्तरीण आहे, तीही चव्वेचाळीस, ती नैर्ऋत्येला. त्याचं उत्तरेकडचं ओढणं आणि हिचं दक्षिणेकडचं ओढणं एकमेकांना खाऊन टाकतं. उरते निव्वळ पश्चिम. बासष्टला जेमतेम पुरते."

"गुरुवार?" मथुरा म्हणाली. "तवर आईनं काय करायचं?"

"धीर धरायला सांगा," मुळीक म्हणाला.

गजराबाईंनी धीर धरला. पण गुरुवारी सकाळी मास्तरणीची बदली रद्द झाली आणि शिवेवर एकटा कासार तेवढा बांगड्यांची पेटी घेऊन हजर झाला.

"एकट्या वायव्येवर तुम्हाला सोडता येईल," मुळीक चाचरत म्हणाला, "पण मग तुम्ही आग्नेयेला जाल."

"आग्नेयेला माझं कोण मेलंय?" मथुरा कडाडली, आणि तोंडातून काय शब्द गेला ते कळून तिने जीभ चावली.

मुळीकने रजिस्टर मिटलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "एक मार्ग आहे. आईंनाच इकडे आणा. त्या पश्चिमेला, तुम्ही पूर्वेला. वाटेत भेट होईल. त्यांचं वजन काय?"

वजन केरबाला माहीत होतं, दवाखान्याच्या कागदावर होतं. एकतीस. म्हणजे मथुराच्या बरोबर निम्मं, म्हणून आईला दुप्पट वेगाने आणावं लागणार होतं. मोहरवाडीपर्यंत छत्तीस किलोमीटर. मथुराचे बारा झाले की आईचे चोवीस होणार आणि बाराव्या दगडाशी दोघी समोरासमोर येणार. मथुराला इतका आनंद झाला की तिने अर्ज न वाचताच अंगठा टेकवला. सही येत होती तिला, पण तेवढाही वेळ घालवायचा नव्हता.

संध्याकाळी मोहरवाडीच्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, "दुप्पट नाही न् निम्म्या वेगानं नाही. जिवंतपणी यांना खाटेवरून हलवायचं नाही."

मथुरा अर्ज मागे घ्यायला गेली, तेव्हा मुळीकने तिला मागची बाजू वाचून दाखवली. एकदा नोंदलेली जोड मोडता येत नाही. आता पूर्वेला जायला मथुराला दुसरं कोणी चालणार नव्हतं आणि पश्चिमेला यायला गजराबाईंनाही.

"म्हंजे मी गेल्याबिगर आई हलायची न्हाई, आणि आई हलल्याबिगर मी?"

"असंच," मुळीक म्हणाला. तिच्याकडे बघणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून तो रजिस्टरकडे बघत राहिला.

शनिवारी पहाटे गजराबाई गेल्या. आता त्यांना हलवायला डॉक्टरीणबाईंची हरकत नव्हती. मुळीकने सुट्टी असूनही कार्यालय उघडलं आणि परवाना मथुराच्या हातात दिला. शववाहिका आणि एसटी यांचं गणित, चालक-वाहकांसकट, रस्तेखातं स्वतंत्र बघतं, तो प्रश्न नव्हता. केरबासाठी मात्र सुट्टीच्या दिवशी नवी जोड नोंदता येत नव्हती, म्हणून तो सोबत येऊ शकला नाही. अशा वेळी अग्नी द्यायला घाटावर सरकारी माणूस नेमलेला आहे.

"मी हितंच थांबते की," मथुरा म्हणाली. "आई हिकडंच येणार, तर मी घाटावर थांबते. लेकीनं अग्नी दिला तर काय बिघडतंय?"

"तुम्ही थांबलात तर त्या निघणार नाहीत, मथुराबाई. एप्रिल आहे."

तिला त्याचं तोंड फोडावंसं वाटलं. पण खरं होतं ते, एप्रिल होता.

सव्वाआठला एसटीने शीव ओलांडली आणि त्याच मिनिटाला मोहरवाडीत शववाहिका सुरू झाली. मथुराने कंडक्टरला सांगून ठेवलं होतं. बाराव्या दगडाशी गाडी थांबली, आणि रस्त्याच्या पलीकडच्या कडेला समोरून आलेली पांढरी गाडीही थांबली. एसटीला खोळंबता येत नव्हतं. ती मथुराला उतरवून निघून गेली.

मथुरा रस्ता ओलांडून दक्षिणेला गेली, तेव्हा शववाहिकेचा चालक हुसेन उत्तरेला आला. त्यालाही यायलाच हवं होतं.

आईचा चेहरा लहान झाला होता. केरबाने कुंकू जरा वाकडं लावलं होतं. मथुराने ते पदराने सारखं केलं, मग गालांवरून हात फिरवला, तर गालांना पीठ लागलं. "आले गं मी," ती म्हणाली. "उशीर झाला, पण आले." आणि ती ओक्साबोक्शी रडली. हुसेन पलीकडे, तिला दिसणार नाही असा, बाभळीच्या आड तासभर उभा राहिला.

"आक्का," शेवटी तो म्हणाला, "ऊन चढलंय."

दोघं परत आपापल्या बाजूला आले. मथुराने पूर्वेकडे तोंड केलं. पुढे तिचं आता कोणी नव्हतं. केरबा होता, पण तिथपर्यंत ती पोचणारच नव्हती. घाट बारा किलोमीटर मागे होता, म्हणजे तिला सहा चालायचे होते. ती एक पाऊल पुढे टाकणार आणि आई दोन पावलं लांब जाणार. आपल्याच पायांनी आपण आईला लोटतोय, असं तिला वाटलं.

"सावकाश चाला," हुसेन म्हणाला. "मला काही घाई नाही."

तिने पाऊल उचललं. मागे गाडीचं इंजिन सुरू झालं.

ती सावकाशच चालली. सतराव्या दगडापाशी चप्पल तुटली, तेव्हा ती थांबली नाही, हातात घेऊन चालत राहिली. थांबली तर आईही उन्हात अडकून पडेल, हे तिला ठाऊक होतं.

अठराव्या दगडाशी पाऊल उठेना. शेजारच्या शेतात एक म्हातारी कांदा खुरपत होती. तिने मान वर करून विचारलं, "कुठं गं निघालीस बाई, अशी अनवाणी?"

"आईला पोचवायला."

"मग? पोचली का?"

मथुराने पाऊल पुन्हा एकदा उचलून बघितलं. उठलं नाही.

"पोचली," ती म्हणाली.