मांडववाल्याची सुट्टी

"हा तर तंबू आहे," शेठ म्हणाले.

"तंबू नाही सर, लक्झरी कॅनव्हास स्वीट," मॅनेजर म्हणाला. त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर 'अनुभव व्यवस्थापक' असं लिहिलं होतं. साधा मॅनेजर म्हणवून घ्यायला पोराला बहुतेक लाज वाटत असावी.

शेठनी कापड दोन बोटांत धरून चुरगाळलं, खांबावर टिचकी मारली, खुंटीला बुटाने डिवचलं. "कापड आहे, खांब आहे, दोरी आहे, खुंटी आहे. आमच्यात याला तंबू म्हणतात. तुम्ही याला राजवाडा म्हणा, माझं काही म्हणणं नाही."

"अहो," मागून वहिनींचा आवाज आला. तो ऐकल्यावर शेठनी खुंटीवरचा पाय काढला.

शेठचा धंदा मांडवाचा. लग्न असो, सभा असो, दुकानाचं उद्घाटन असो की कुणाची शोकसभा, चार डोकी जमली की त्यांच्यावर कापड धरायचं आणि पैसे मोजून घ्यायचे. उभा जन्म त्यात गेला. लेकीने लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणून आईबापांना समुद्रकाठी पाठवलं, 'ग्लॅम्पिंग' आहे म्हणाली, तेव्हा शेठना वाटलं हॉटेलचं नाव असेल. इथे येऊन पाहतात तर काय! ज्याने आयुष्यभर लोकांना तंबूत बसवण्याचे पैसे घेतले, त्याच्याकडून तंबूत झोपण्याचे पैसे घेणारा कोणीतरी बाप माणूस निघाला होता. त्याच्या पायांवर डोकं ठेवावं असं शेठना मनापासून वाटलं.

आत पलंग होता, एसी होता, पांढराशुभ्र टब होता, डास मारायचं यंत्र होतं. निसर्गाच्या कुशीत राहायचं, फक्त निसर्गाने आत यायचं नाही, अशी सोय होती. दाराशी कंदील टांगला होता. ज्या कंदिलाच्या काजळीतून पोरं सुटावीत म्हणून आईबापांनी पोटाला चिमटे काढले, तोच कंदील आता पोरांनी हौसेने भाड्याने घेतला होता. त्यात वात नव्हती, बॅटरी होती. म्हणजे काजळीचं दुःखही धड खरं नव्हतं.

"काय ठरलंय आपलं?" बॅग ठेवता ठेवता वहिनींनी विचारलं.

"दोरीला हात लावायचा नाही."

"आणि?"

"खुंटी ठोकायची नाही."

"आणि खांबाकडे बघायचंसुद्धा नाही."

"अगं, हे कधी ठरलं?"

"आत्ता."

वहिनींचा काही दोष नव्हता. या माणसाबरोबर त्या एकाही समारंभात शेवटपर्यंत बसलेल्या नव्हत्या. लोक जेवायचे आणि हे दुसऱ्याने घातलेल्या मांडवाच्या गाठी मोजत फिरायचे. अहो, खुद्द स्वतःच्या लग्नात नवरदेव कुठे दिसेना म्हणून शोधाशोध झाली, तर हे मागच्या खांबावर चढून दोरी आवळत होते. तेव्हाच नवरीने विचार करायला हवा होता. पण नवरीला विचार करायला वेळ देतो कोण?

"एक गाठ मारलीत ना," वहिनी म्हणाल्या, "तर धंद्याचा फोन तुमच्या गळ्यात. मी उचलणार नाही. कधीच नाही."

शेठचा चेहरा उतरला. ही साधीसुधी धमकी नव्हती. मांडव लोकांना दिसतो, त्यामागचा फोन दिसत नाही. खुर्च्या कमी आल्या, पंखा फिरत नाही, कापडाला भोक आहे, माणूस अजून पोचला नाही, आमच्या पाहुण्यांत आमचं नाक कापलं, ही सगळी शिवीगाळ त्या फोनमधून यायची आणि वहिनींच्या कानात जिरायची. शेठ तिथे उंच शिडीवर, मोकळ्या हवेत, कुणाच्या हाती न लागता मजेत असायचे. वादळात खांबाला लटकलेला हा वाघ, फोन वाजला की मांजर व्हायचा.

"नाही लावत हात," ते म्हणाले. "दोन दिवस मी खुळ्यासारखा समुद्र बघत बसतो. मग तर झालं?"

दुपारी जेवण झालं. वहिनी पलंगावर आडव्या झाल्या आणि बाईला कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. शेठ बाहेर खुर्ची टाकून समुद्र बघू लागले. समुद्राला ना खांब, ना झालर. माणसाने बघायचं तरी काय? नजर घसरत घसरत जेवणाच्या मोठ्या तंबूवर गेली.

कोपऱ्यातली दोरी सैल होती.

थोडीफार सैल नव्हे. पोराच्या झोळीसारखी लोंबत होती. वारा आला की कापड फुगायचं, वारा गेला की पोट सुटल्यासारखं खाली यायचं. शेठनी तोंड फिरवलं. दुसऱ्या बाजूलाही सैल. जिकडे बघावं तिकडे सैल. शेठच्या तळहाताला खाज सुटली. एखाद्या सुगरणीसमोर कुणी दूध उतू जाऊ द्यावं आणि वर तिला सांगावं, बाई, तू पाहुणी आहेस, बस, तशी गत झाली.

"एकच," ते स्वतःशी म्हणाले. "आवळणं म्हणजे काही गाठ मारणं नव्हे."

दारुड्याचा पहिला घोटही असाच असतो.

एक दोरी आवळली. त्याबरोबर कापड तिकडे ओढलं गेलं आणि समोरची खुंटी वाळूतून वर आली. ती ठोकणं भाग होतं. ती ठोकली तर मधला खांब कलला. खांब सरळ केला तर बाजूच्या दोऱ्या मेल्या. शेठ तंबूभोवती फिरत राहिले. एक सुधारावं तर तिसरं बिघडावं. तास गेला, घाम आला, शर्ट सुटला, आणि माणूस इतका सुखात होता की त्या लेकीने पाहिलं असतं तर तिला वाटलं असतं, भेट कामी आली.

"दादा! ए दादा!"

झाडाला बांधलेल्या झोळीतून एक बाई हाक मारत होत्या. या बाई लोकांना श्वास कसा घ्यायचा ते शिकवायच्या. पैसे घेऊन. सकाळपासून त्यांनी येईल त्याला 'आधी श्वास घ्या' असं सांगितलं होतं, म्हणून शेठनी मनातल्या मनात त्यांचं नाव श्वासबाई ठेवलं होतं. जणू बाकीचे लोक इतकी वर्षं उधारीवर जगत होते.

"माझ्या टेंटचं कापड फडफडतं, दादा. माझी शांतता डिस्टर्ब होते. जरा टाइट करून द्या ना."

मी इथला माणूस नाही, हे सांगायला शेठनी तोंड उघडलं होतं. पण कापडाची तक्रार समोर आली की त्यांची जीभ आपोआप वळायची. "करतो बाई," ते म्हणाले.

श्वासबाईंचं पाहून शेजारचे साहेब आले. हे साहेब कुठल्याशा कंपनीत फार वरच्या जागेवर होते आणि टब हा त्यांचा जीव की प्राण होता. "माझ्याकडेही बघा हो. टबात पडलो की वर छत हलतं. चक्कर येते." मग आणखी एक जण आला, मग आणखी एक. मॅनेजरनेही लांबून पाहिलं. मुख्य कचेरीकडे महिनोन्‌महिने मागितलेला दुरुस्तीचा माणूस अखेर आला, असं समजून त्याने लांबूनच त्याचं चित्रीकरण केलं आणि 'आमची टीम तुमच्यासाठी सतत झटत असते' असं लिहून जगाला दाखवलं. जवळ येऊन नाव विचारण्याचा अनुभव मात्र अनुभव व्यवस्थापकाला घ्यावासा वाटला नाही.

अडचण एकच होती. वाळूत खुंटी धरत नव्हती. शहरात शेठ अशा वेळी दोरी विजेच्या खांबाला बांधत, शेजाऱ्याच्या भिंतीला बांधत, एकदा तर उभ्या टेंपोला बांधली होती आणि टेंपो गेला होता. इथे ना भिंत, ना टेंपो. म्हणून शेठनी डोकं चालवलं. तंबू तंबूला बांधला. याची दोरी त्याच्या खांबाला, त्याची पुढच्याच्या, शेवटच्याची जेवणाच्या तंबूला. एकाने एकाला धरायचं. लांबून पाहिलं आणि शेठचा ऊर भरून आला. कापड कसं, ढोलासारखं ताणलं होतं.

संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला.

त्या वेळी जेवणाच्या तंबूसमोर सतरंज्यांवर सगळे पाहुणे डोळे मिटून पडले होते. श्वासबाई पितळेचं भांडं घणघणवत होत्या. वहिनी पडल्या होत्या, शेजारी शेठ पडले होते. टबातले साहेब तेवढे टबात होते.

"सोडून द्या," श्वासबाई खोल आवाजात म्हणाल्या. "इतकी वर्षं जे घट्ट धरून ठेवलंय, ते सगळं सोडून द्या."

पहिली खुंटी सुटली.

आवाज फटाक्यासारखा झाला. शेठनी डोळे न उघडताच ओळखलं, कोपऱ्यातली. मग दुसरी. एक तंबू हवा भरून उठला आणि त्याने इमानेइतबारे शेजाऱ्याला बरोबर घेतलं. शेजाऱ्याने त्याच्या शेजाऱ्याला. एकाने एकाला धरायचं ही शिकवण कापडाने माणसांपेक्षा चांगली पाळली. सगळी रांग हात धरून चाललेल्या पोरांसारखी उठली, शेताच्या बांधावरून गेली, करवंदीच्या काटेरी जाळीत शिरली आणि तिथे तिच्या चिंध्या झाल्या.

मागे उरले पलंग, एसी, आणि मोकळ्या आभाळाखाली, फेसात गळ्यापर्यंत बुडालेले, हातात पुस्तक धरलेले साहेब. त्यांनी पान उलटलं, वर बघितलं, आणि मग जे ओरडले ते कुठल्याही कंपनीच्या वरच्या जागेवर शोभणारं नव्हतं.

"श्वास घ्या! श्वास घ्या!" म्हणत श्वासबाई स्वतः धापा टाकत पळत होत्या.

कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण मॅनेजरला कुणीतरी हवं होतं, आणि मुख्य कचेरीच्या माणसाकडे बोट दाखवायची त्याची छाती नव्हती. त्याने सगळ्या वरिष्ठांना जो सर्वात आधी दिसतो तोच शोधला, म्हणजे सगळ्यात खालचा. झाडांना पाणी घालणारा माळीच दोऱ्याही बघायचा.

"काय केलंस रे? दोऱ्या कुणी आवळल्या?"

"मी नाही साहेब. मी तर सैल ठेवतो. वाळूत सैलच ठेवायच्या असतात, वाऱ्याला हलू द्यायचं, असं तुम्हीच शिकवलं होतं ना."

"मग भूत आलं होतं? उद्यापासून येऊ नकोस."

हे शेठनी ऐकलं. सैलच ठेवायच्या असतात! म्हणजे झोळीसारखी लोंबणारी ती दोरी चुकलेली नव्हती, चुकले होते शेठ. हे एक. आणि माळ्याची भाकरी जाणार, हे दुसरं. शेजारी वहिनी उभ्या होत्या. बोललं तर फोन गळ्यात. गप्प बसलं तर हा माणूस घरी. शेठनी एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा माळ्याकडे, आणि उभ्या जन्मात उचलला नव्हता इतका जड खांब उचलला.

"मी आवळल्या," ते म्हणाले.

"तुम्ही?" मॅनेजर म्हणाला. "तुम्ही मुख्य कचेरीचे ना?"

"छे हो, हे तर इथलेच दादा आहेत," श्वासबाई म्हणाल्या. "मी यांना टिपसुद्धा दिली."

"टिप घेतलीत?" वहिनींनी विचारलं. एवढं एकच वाक्य. आवाज इतका शांत होता की शेठना वाटलं, यापेक्षा भांडं घणघणलेलं बरं.

"हे पाहुणे आहेत," वहिनी मॅनेजरला म्हणाल्या. "माझे यजमान. माळ्याला काही बोलायचं नाही. तुमच्या मालकांना फोन लावा."

मालकांनी फोनवर आधी आकाशपाताळ एक केलं. मग उद्या येणाऱ्या पाहुण्यांना काय दाखवू, म्हणून रडकुंडीला आले. आयुष्यभर असल्याच फोनवर घासलेल्या वहिनींनी त्यांना पुरतं रडू दिलं आणि मग एका दमात सांगितलं की नुकसान आमच्याकडून, नवं कापड आमच्या गोदामातून, माणसं आमची, ट्रक रात्री निघेल. पण यापुढे तुमच्या सगळ्या तंबूंचं काम आम्हालाच. मालक 'बघू' म्हणाले. वहिनी 'मग टबातल्या साहेबांशी तुम्हीच बोला' म्हणाल्या. मालक 'बरं' म्हणाले.

ती रात्र सगळ्यांनी मॅनेजरच्या पक्क्या बांधणीच्या खोलीत, सिमेंटच्या भिंतीला पाठ लावून काढली. निसर्गाच्या ओढीने आलेली ती मंडळी अशी घोरली की समुद्र ऐकू येईना.

सकाळी ट्रक आला. सवयीने शेठ शर्टाच्या बाह्या सारून, खुंट्या ठोकायची मोगरी घेऊन उठले.

"कुठे निघालात?" वहिनींनी साडीचा पदर खोचला, हातातला फोन शेठच्या हातात ठेवला आणि त्यांच्या हातातली मोगरी काढून घेतली. "ठरलं होतं ना? फोन तुमचा. मग मैदानात कुणीतरी जायला नको?"

"अगं पण तुला खांबाचं काय कळतं?"

"चुकलेल्या प्रत्येक खांबाबद्दल शिव्या कुणी खाल्ल्यात? मला नाही तर कुणाला कळणार?"

आणि त्या गेल्या. माळ्याला बरोबर घेऊन, कामगारांना हाका मारत. शेठ झाडाखाली खुर्चीत बसून राहिले. समोर त्यांच्याच गोदामातलं कापड चढत होतं, आणि दोऱ्या मुद्दाम सैल बांधल्या जात होत्या. पाहवेना. पण त्याहून न पाहवणारी गोष्ट म्हणजे वहिनी शिडीच्या टोकाला होत्या, वाऱ्याने केस उडत होते, वरून कामगारांवर ओरडत होत्या, आणि कशावर तरी खदाखदा हसत होत्या. हे हसू शेठनी लग्नाआधी पाहिलं होतं. नंतर कुठे गेलं ते विचारायचं राहून गेलं होतं.

हातातला फोन वाजला. शेठनी तो थोडा वेळ वाजू दिला, मग उचलला.

"अहो, खुर्च्या अर्ध्याच आल्यात!" कोणीतरी पलीकडून किंचाळलं. "लाज आहे का? आणि तुम्ही कोण? वहिनी कुठेत? वहिनींना द्या फोन!"

शेठनी शिडीकडे पाहिलं.

"त्या सुट्टीवर आहेत," ते म्हणाले.

"सुट्टीवर? मग येणार कधी?"

शिडीवरून पुन्हा हसण्याचा आवाज आला.

"तुम्ही बोला," शेठ म्हणाले. "किती खुर्च्या कमी आल्या?"